नागपूरहून गोमुखला: तेरा दिवसांचा अनुभव

गेली २४ वर्षं मी नागपुरात ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते. अकरावीला हिमनदीचं कार्य आलं की फळ्यावर यू आकाराची दरी काढायची, हिमगव्हर, शुककूट, गिरिशृंग, लोंबती दरी अशी नावं द्यायची आणि पांढऱ्या खडूनं वरून खाली एक जीभ ओढायची. खरी हिमनदी मात्र मी कधी पाहिलेली नव्हती. पाहिल्या होत्या त्या तिच्या खुणा. १९९७ साली एम.ए.ला असताना आमच्या सरांनी चंद्रपूर जिल्ह्यात नेलं होतं. तिथं पैनगंगेकडच्या जुन्या चुनखडकावर एकाच दिशेनं गेलेले ओरखडे आहेत, जणू कुणी मोठ्या किसणीनं दगड घासलाय. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, आपला हा भाग गोंडवन या प्राचीन महाखंडात दक्षिण ध्रुवाच्या बाजूला असताना, बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी ते काढलेत. आज जिथं एप्रिलमध्ये डांबर वितळतं तिथं एकदा हिमनदी होती, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मुलं डोळे मोठे करतात.

२०२५ च्या जानेवारीत पन्नाशी पूर्ण झाली आणि ठरवलं, आता जिवंत हिमनदी बघायचीच. कुठली बघायची यावर बरेच दिवस गेले. कुमाऊंमधल्या पिंडारीला चालणं जास्त दिवसांचं. झंस्कारच्या वाटेवरची द्रांग-द्रुंग गाडीतून उतरून दिसते, पण पेन्सी ला खिंडच ४,४०० मीटरच्या आसपास, आणि नागपूरहून तिथवर पोचायचं म्हणजे वेगळंच प्रकरण. शेवटी गंगोत्री हिमनदी नक्की केली. गंगोत्रीपासून गोमुख साधारण १८ किलोमीटर, वाट मळलेली, मध्ये राहायची सोय. गोमुख म्हणजे या हिमनदीचं मुख. भागीरथी तिथून निघते.

नणंदेला हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. "वहिनी, मी येऊ का तुमच्यासोबत? घरी बसून काय करून राहिली मी?" म्हणाली. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, बीपीची गोळी चालू. सासूबाईंनी लगेच सांगून टाकलं, "दोघी जा. आणि माझ्यासाठी गंगाजल आणजा."

सुरुवातीला एक चूक झाली, ती सांगते म्हणजे तुमची होणार नाही. एका ट्रॅव्हल एजंटानं "परमिट वगैरे काही लागत नाही, सगळं आमच्याकडे" म्हणत ५,००० रुपये ॲडव्हान्स घेतला. मी स्वतः चौकशी केली तेव्हा कळलं की गोमुख हे गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतं आणि वन विभागाच्या परवान्याशिवाय कुणालाच सोडत नाहीत. दिवसाला फक्त १५० जण जाऊ शकतात. ॲडव्हान्समधले अडीच हजारच परत मिळाले. त्यानंतर सगळं आम्ही दोघींनीच केलं आणि फारसं अवघड गेलं नाही.

तयारी फेब्रुवारीपासून. रोज पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सचा चढ, आठवड्यातून दोनदा फुटाळ्यापर्यंत, आणि दर रविवारी रामटेक. गडमंदिराच्या पायऱ्या पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन तीनदा चढायच्या आणि उतरायच्या. उतरणं विसरू नका, गुडघ्यांची परीक्षा उतरताना होते. एप्रिलमध्ये पारा ४४ च्या पुढं गेला तेव्हा साडेसहाच्या आत घरी यावं लागायचं. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मोठं कार्यालय आहे. रोज त्याच्या समोरून जाताना मला आठवायचं की याच सर्वेक्षणाच्या जे. बी. ऑडेन यांनी १९३५ मध्ये गोमुखाचा पहिला नीट नकाशा केला होता. त्या नकाशाशी ताडून नंतरच्या अभ्यासकांनी मोजलं तेव्हा १९३५ ते १९९६ या काळात हिमनदीचं मुख १,१०० मीटरहून जास्त मागं सरकलेलं निघालं. वर्षाला साधारण १९ मीटर. सेमिनरी हिल्सच्या रस्त्यावर मी एकदा १९ मीटर पावलांनी मोजून पाहिले. पंचवीस-सव्वीस पावलं झाली.

नागपूरची उंची ३१० मीटर. भोजबासा, जिथं रात्र काढायची, ३,७७५ मीटर. गोमुख ४,००० च्या जवळपास. तिथं प्रत्येक श्वासात इथल्यापेक्षा बराच कमी, साधारण ६० टक्क्यांच्या आसपासच प्राणवायू मिळतो. म्हणून डॉक्टरांकडे आधीच गेलो. ईसीजी, रक्तदाब, साखर, सगळं मिळून माणशी १,२०० रुपये. त्यांनी उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्सबद्दल नीट समजावलं. सल्फाची ॲलर्जी आहे का हे आधी विचारलं, कारण तशांना ते औषध सहसा देत नाहीत. नणंदेच्या बीपीच्या गोळीचा डोस बघून त्यांनी वेगळ्या सूचना लिहून दिल्या. हे औषध दुसऱ्याला चाललं म्हणून आपण घ्यावं असं अजिबात करू नका. फिटनेस सर्टिफिकेट घेताना त्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि शिक्का आहे ना ते तिथंच बघून घ्या. आमच्या पहिल्या कागदावर क्रमांक नव्हता, परत जावं लागलं.

गंगोत्री चारधाम यात्रेतलं एक, म्हणून चारधामची ऑनलाइन नोंदणी एप्रिलमध्येच घरबसल्या केली. आधार आणि मोबाइल लागला, तेव्हा पैसे लागले नाहीत. ही नोंदणी वेगळी आणि गोमुखचा परवाना वेगळा. अनेकांचा इथं गोंधळ होतो.

१ जूनला, रविवारी, नागपूर स्टेशनवरून जीटी एक्सप्रेसमध्ये बसलो. बर्थखाली दोन सॅक आणि एक पिशवी, त्यात चिवडा, शेंगदाण्याची चिक्की आणि दोन डबे संत्रा बर्फी. सोमवारी पहाटे नवी दिल्ली, तिथून शताब्दीनं दुपारी हरिद्वार. मंगळवारी सकाळी शेअर जीपनं उत्तरकाशी, माणशी ६०० रुपये. घाट सुरू झाल्यावर नणंदेला उलट्या झाल्या. पुढच्या सीटसाठी आधीच बोलून ठेवा आणि सकाळी पोट भरून खाऊ नका.

बुधवारी, ४ तारखेला, दहाच्या ठोक्याला आम्ही उत्तरकाशीतल्या वन कार्यालयात. आधारची प्रत, दोन फोटो, फिटनेस सर्टिफिकेट, गाईडचं नाव. आम्हाला ६ तारखेचा प्रवेश हवा होता. खिडकीतल्या माणसानं रजिस्टर पाहून सांगितलं, सहाचे सगळे भरले. झालं असं की ५ जूनला गंगा दशहरा होता. गंगा पृथ्वीवर आली तो दिवस, त्यामुळे यात्रेकरूंची गर्दी. पंचांग बघून निघायला हवं होतं, हे तेव्हा लक्षात आलं. सातचा परवाना मिळाला, तीन दिवसांचा, माणशी १५० रुपये. गाईडचं तिथंच ठरलं, दिवसाला १,५०० रुपये. ते भटवाडीकडचे, वय पस्तिशीचं. आम्ही त्यांना भैजी म्हणायचो, ते आम्हाला दीदी.

उरलेल्या दुपारी नेहरू गिर्यारोहण संस्थेचं संग्रहालय पाहिलं. १९६५ साली सुरू झालेली ही संस्था पाईनच्या झाडांच्या मधोमध आहे. तिथल्या जुन्या दोरांकडे आणि बुटांकडे नणंद बराच वेळ बघत उभी होती. खाली बाजारात येऊन पैसे काढले. वर भरवसा नाही, रोख उत्तरकाशीतच काढून घ्या. औषधाच्या दुकानातून ऑक्सिमीटरचे सेल घेतले.

गुरुवारी गंगोत्रीचा १०० किलोमीटरचा रस्ता. मनेरी, भटवाडी, गंगनानी, मग सुखीचा चढ, आणि झाला गावापाशी दरी एकदम रुंद होते. दोन्ही बाजूंना सरळ भिंती, मध्ये सपाट तळ आणि त्यात पसरून वाहणारी भागीरथी. हिमनद्यांनी घासलेली दरी. हर्षिलपाशी जीप थांबली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभी राहून वही काढली आणि त्या दरीचा आडवा छेद काढला. इतकी वर्षं पाठ असलेली आकृती पहिल्यांदा समोर बघून काढत होते. हात थरथरत होता.

जेवलो धरालीत. रस्त्यालगतच्या हॉटेलात राजमा-भात, ८० रुपये ताट. नदीपलीकडे मुखबा गाव दिसत होतं, जिथं हिवाळ्यात गंगेची मूर्ती नेतात. हॉटेलच्या बाईंनी आम्हाला सफरचंदाची बाग दाखवली, फळं अजून बोराएवढी होती. तिच्याकडून दोन किलो राजमा घेतला. त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, ५ ऑगस्टला दुपारी खीरगंगेतून चिखलाचा आणि दगडांचा लोंढा आला आणि धरालीचा बाजार काही क्षणांत गाडला गेला. टीव्हीवर ते चित्र दिसलं तेव्हा नणंदेचा फोन आला. दोघींनाही बोलता येईना. त्या बाईंचं नाव आम्ही विचारलं नव्हतं, नंबर घेतला नव्हता. आजही ठाऊक नाही. म्हणून आता जिथं जेवते तिथं नाव विचारून लिहून ठेवते.

गंगोत्री ३,१०० मीटरवर. संध्याकाळी नणंदेचं डोकं दुखायला लागलं, ऑक्सिमीटरवर ८९. माझं ९१, नागपुरात ९८ असायचं. भैजींनी सांगितलं, आज आंघोळ डोक्यावरून करायची नाही, पाणी प्यायचं, जेवण हलकं. शुक्रवार मुक्कामाचा ठेवला होता तो किती शहाणपणाचा होता हे त्या रात्री कळलं. उत्तरकाशी ते गंगोत्री आणि दुसऱ्याच दिवशी भोजबासा, असं करणारे खूप जण आम्हाला आजारी पडून परतताना भेटले. शुक्रवारी हळूहळू पांडव गुफेपर्यंत जाऊन आलो आणि सूर्यकुंडापाशी, जिथं भागीरथी खडकातून खाली कोसळते, तासभर बसलो. संध्याकाळी तिचं डोकं उतरलं, आकडा ९२ झाला. मग मंदिरात आरतीला गेलो. थंडीनं पाय बधिर झाले होते, तरी ती पूर्ण आरती उभी राहिली.

शनिवारी, ७ जूनला सकाळी सहाला निघालो. दोन किलोमीटरवर कनखूचं चेकपोस्ट. इथं परवाना बघतात आणि सामानातलं प्लास्टिक मोजतात. बिस्किटांचे पुडे, औषधांच्या पट्ट्या, रेनकोटची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, सगळं लिहून घेतलं. आमचे १८ नग झाले आणि ५०० रुपये अनामत ठेवली. खाली येताना तेवढेच नग दाखवले की पैसे परत. खाऊ कापडी पिशव्यांत किंवा स्टीलच्या डब्यात आणलात तर वेळ वाचतो.

वाट सुरुवातीला सोपी, नदीच्या उजव्या काठानं चढत जाणारी. भैजींनी एक नियम दिला तो मी मोजून दिवसातून दहा वेळा आठवायचे: "दीदी, बोलते-बोलते चलो. बोल सको तो चाल ठीक है." बोलताना धाप लागली की थांबायचं. आम्ही दोघी घरच्या गोष्टी बोलत चाललो. लग्नाच्या २६ वर्षांत इतकं सलग आम्ही कधी बोललो नव्हतो. स्वयंपाकघरात आणि सणावारात जे राहून गेलं होतं ते बरंचसं त्या वाटेवर निघालं.

नऊ किलोमीटरवर चीडबासा. चीड म्हणजे पाईन. इथल्या सावलीत चहा प्यायलो. याच भागात भूर्जाची, म्हणजे भोजपत्राची रोपवाटिका डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी उभी केली. त्या स्वतः गिर्यारोहक, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या, आणि पुढं भारतीय गिर्यारोहण महासंघाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. यात्रेकरूंच्या चुली आणि तंबूंपायी भोजबासाचं भोजाचं जंगल जवळजवळ संपलं होतं, ते परत लावायचं काम त्यांनी १९८९ पासून हाती घेतलं. वाटेत भूर्जाचं एक वाकलेलं झाड होतं. त्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली होती, आतून गुलाबी. नणंदेनं हात लावला आणि लगेच मागं घेतला, "उकलू नको हं वहिनी." मी उकलणार नव्हतेच, पण तिचं ते सांगणं मला फार आवडलं.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण मला कुणी सांगितली नव्हती. चीडबासा सोडलं तर वाटेत सोय नाही. मोठी ओढणी किंवा छत्री जवळ ठेवा, टिश्यू परत आणायला कागदी पिशवी ठेवा, आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी कमी पिऊ नका. नणंदेनं सकाळी तेच केलं आणि अकरा वाजता तिला गरगरायला लागलं. भैजींनी तिला बसवून मीठ-साखर पाणी पाजलं.

चीडबासानंतर गिला पहाड. तो डोंगर भुसभुशीत आहे आणि वरून दगड घरंगळतात. दुपारी वारा सुटला की जास्त. म्हणून तिथं दुपारच्या आत पोचायचं, थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. एका जागी भैजींनी आम्हाला थांबवून वर कान देऊन ऐकलं आणि मग एकेकीला पलीकडे नेलं. वीस-बावीस पावलं होती. माझं तोंड कोरडं पडलं होतं.

दीडला भोजबासा. गढवाल मंडळाच्या विश्रामगृहात डॉर्मिटरीत दोन खाटा मिळाल्या. त्याही आधीच बुक करून ठेवा. नाही मिळाल्या तर आश्रमात आसरा मिळतो. फोन लागत नव्हता. ऑक्सिमीटर माझा ८४, तिचा ८३. बसल्या जागी दम लागत नव्हता, पण बुटाची नाडी बांधायला वाकलं की छाती भरायची. रात्री झोप तुकड्या-तुकड्यांत आली. मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन जाग यायची. या उंचीवर असं होतं, बहुतेकांना होतं, हे मला आधी ठाऊक होतं म्हणून घाबरले नाही. पण बसूनही दम लागत असेल, खोकला येत असेल, चाल अडखळत असेल तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं असतं.

संध्याकाळी मी स्टीलच्या पेल्यात नदीचं पाणी आणून खाटेखाली ठेवलं होतं. आणलं तेव्हा ते राखाडी-पांढुरकं होतं, तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं. सकाळी वरचं पाणी जवळजवळ नितळ झालं होतं आणि तळाशी एक मऊ राखाडी थर. बोटावर घेऊन चोळला. रांगोळी हाताला लागते तशी लागेल असं वाटलं होतं, पण हे त्याहून कितीतरी बारीक, भस्मासारखं. बर्फाखाली खडकावर खडक घासून झालेलं पीठ. 'घर्षण' हा शब्द मी आयुष्यभर वर्गात लिहिला. त्या सकाळी तो माझ्या दोन बोटांच्या मध्ये होता.

रविवार, ८ जून. पाच वाजता निघालो. पहाटे ओढ्यांना पाणी कमी असतं आणि रात्रीच्या थंडीनं दगड धरलेले असतात. समोर भागीरथी शिखरांच्या टोकांना ऊन लागलं होतं. भोजबासापासून चार-साडेचार किलोमीटर, पण आम्हाला अडीच तास लागले. वाट संपत येते तसे दगडांचे ढीग वाढत जातात, काही दगड झोपडीएवढे. मी पांढरं काहीतरी शोधत होते. भैजी म्हणाले, "वो रहा." मला दिसेना. त्यांनी बोट दाखवलं तिथं एक मळकट, राखाडी-तपकिरी टेकडी होती, माथ्यावर माती आणि दगड. तिच्या पायथ्याशी काळसर पोकळी आणि त्या पोकळीतून नदी बाहेर येत होती. ती टेकडीच हिमनदी होती. मी इतकी वर्षं जी पांढरी जीभ काढत होते ती वर, मैलोन्मैल वर, चौखंबा शिखराच्या कुशीत असेल. ३० किलोमीटर वाहून खाली येईस्तोवर ती वाटेतल्या प्रत्येक डोंगराचा चुरा अंगावर घेऊन येते.

मुखापासून ५०० मीटरच्या आत जायला मनाई आहे. आम्ही खुणेच्या दगडापाशी बसलो. लांबून चालत आल्यावर तिथं थांबणं अनेकांना जड जातं आणि काही जण पुढं गेलेही. भैजी गेले नाहीत, आम्हालाही जावंसं वाटलं नाही, कारण तिथून सगळं ऐकू येत होतं. आठच्या सुमाराला ऊन भिंतीवर आलं आणि वरचे दगड सुटायला लागले. आधी खडखड, मग पाण्यात धप्प. दर दोन-तीन मिनिटांनी. दुर्बिणीतून भिंतीचे थर दिसत होते, मळके, एकावर एक, आणि जिथं ताजी भेग होती तिथं निळसर-हिरवा रंग. एकदा ऑटोरिक्षाएवढा बर्फाचा तुकडा सुटला. तो पडताना दिसला आणि आवाज नंतर आला. नदीतून बर्फाचे गोळे गरगरत आमच्या खालून निघून गेले. उजव्या हाताला शिवलिंगाचं शिखर, ६,५४३ मीटर, अगदी फळ्यावरचं टोकदार गिरिशृंग. नणंद हात जोडून बसली होती, तिचे ओठ हलत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं. तिचं आणि माझं कारण एकच होतं का ते मी विचारलं नाही.

उठताना पायाशी मुठीएवढा दगड दिसला. एक बाजू सपाट घासलेली. ओढणीनं धूळ पुसली तर त्या सपाट बाजूवर बारीक ओरखडे, एकमेकांना समांतर, आणि त्यांना तिरपा छेदून जाणारे आणखी दोन. मी मटकन खाली बसले. हेच ओरखडे मी चंद्रपूरला बोटानं चाचपले होते, २८ वर्षांपूर्वी. दगडाशेजारी पेन ठेवून फोटो काढला आणि तो होता तिथं, होता तसा, ठेवून दिला. राष्ट्रीय उद्यानातून काहीच आणायचं नसतं. नणंदेनं विचारलं, "काय सापडलं वहिनी?" मी तिला सगळं सांगितलं, चंद्रपूर, ३० कोटी वर्षं, सगळं. तिनं दगड परत उचलून हातात घेतला, बराच वेळ अंगठा फिरवला, आणि पुन्हा त्याच खळग्यात ठेवला.

भोजबासाला परतून तिनं सासूबाईंसाठी छोटी तांब्याची लोटी भरली. सोमवारी उतरलो. कनखूला १८ पैकी १७ नगच निघाले. चेकपोस्टवरच्या मुलानं शांतपणे वाट बघितली. पाऊण तास सॅक उपसल्यावर चिक्कीचा कागद माझ्या जॅकेटच्या आतल्या खिशात सापडला. अनामत परत मिळाली. १० ला उत्तरकाशी, ११ ला हरिद्वार, १३ ला सकाळी नागपूर.

खर्च विचारणाऱ्यांसाठी: बूट आणि डॉक्टर सोडून माणशी साधारण साडेअठरा हजार. त्यात सर्वांत मोठे वाटे रेल्वेचे आणि राहण्याचे. गाईडचे तीन दिवसांचे ४,५०० दोघींत वाटले गेले, आणि तो खर्च वाचवू नका. बूट निदान दीड महिना आधी घेऊन पायात रुळवा. मे महिन्यात नागपुरात गरम कपडे शोधू नका, हिवाळ्यातलेच कपाटातून काढा: एक लोकरी बनियन, एक स्वेटर, वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी, हातमोजे पुरतात. आणि आता निघण्याआधी उत्तरकाशी जिल्हा प्रशासनाच्या रस्त्याबद्दलच्या सूचना रोज बघा. गंगोत्रीकडं जाणारा हा एकच रस्ता आहे.

त्या वर्षी अकरावीचे प्रवेश लांबले, त्यामुळे हिमनदीचा पाठ उशिरा आला. या वेळी फळ्यावर जीभ काढताना पांढरा खडू फक्त वरच्या टोकाला वापरला, खाली तपकिरी आणि राखाडी. मुलांनी धरालीबद्दल विचारलं, मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मग ओरखड्यांचे दोन फोटो शेजारी-शेजारी दाखवले, चंद्रपूरचा १९९७ चा आणि गोमुखचा जूनमधला. पहिल्या बाकावरची मुलगी उठून पडद्याजवळ आली, दोन्हींकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, यातला जुना कोणता?"